चौदा डोमेन नावे आणि हातून गेलेले आमचे दुकानाचे नाव

एकाच व्यवसायासाठी दहा-पंधरा डोमेन नावे, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे पत्ते, घेतली की ग्राहक दहा-पंधरा वाटांनी येतात, असे सांगून छोट्या दुकानदारांकडून पैसे घेणारे लोक सध्या बरेच फिरत आहेत. आमच्याकडेही असेच एक गृहस्थ आले होते. त्यांच्यामुळे आमचे पैसे गेलेच, पण त्याहून मोठे नुकसान असे झाले की आठ वर्षे वापरत असलेले आमच्या दुकानाचे डोमेन नाव ऐन दिवाळीत पाच आठवडे आमच्या ताब्यात नव्हते. हे नेमके कसे घडले ते इतरांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कोल्हापुरात आमचा कोल्हापुरी चपलांचा पिढीजात व्यवसाय आहे. 2015 मध्ये पुतण्याने दुकानाच्या नावाने एक .कॉम डोमेन घेतले आणि साधी वेबसाइट तयार केली. तीवर पायाचे माप कसे घ्यावे ते लिहिले होते, कापशी आणि कुरुंदवाडी नमुन्यांचे फोटो होते आणि आमचा फोन नंबर होता. हळूहळू मुंबई, बेंगळुरू, अगदी दुबईहूनही मागणी येऊ लागली. बिलावर, खोक्यावर, कापडी पिशवीवर तेच नाव छापलेले होते.

ऑगस्ट 2022 मध्ये एका डिजिटल मार्केटिंग कंपनीचा तरुण प्रतिनिधी दुकानात आला. आदल्याच आठवड्यात आम्हाला परदेशातून एक ईमेल आला होता की कोणी कंपनी आमच्या दुकानाच्या नावाने .सीएन (चीनचे) आणि .एशिया ही डोमेन नोंदवू मागत आहे, तुमची हरकत असल्यास तातडीने कळवा. असे ईमेल ही व्यावसायिकांना घाबरवून नको ती नावे महाग विकण्याची जुनी युक्ती आहे, हे मला नंतर समजले. त्या दिवशी मात्र मी तो ईमेल त्या प्रतिनिधीला दाखवला आणि तिथेच चूक झाली. तो म्हणाला, "काका, आज परदेशातला माणूस मागतोय, उद्या समोरच्या दुकानदाराने घेतले तर तुम्ही काय करणार?" मग त्याने कागदावर नावे लिहायला सुरुवात केली. चप्पल हा शब्द रोमन लिपीत कोणी एक पी घालून लिहितो, कोणी दोन, कोणी शेवटी एस जोडतो, म्हणून तिन्ही नावे हवीत. मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद अशा शहरांची वेगळी नावे हवीत. .इन, .नेट आणि देवनागरीतील .भारतही हवे. अशी तेरा नवी नावे झाली. प्रत्येकाचे वर्षाला 3,500 रुपये आणि सर्व वेबसाइट सांभाळण्याचे महिन्याला 6,000 रुपये. साधे .कॉम नाव तेव्हा वर्षाला हजाराच्या आसपास मिळत होते आणि आमचे स्वतःचे नाव आम्ही तेवढ्यातच रिन्यू करत होतो, तरीही हा हिशेब मी त्या वेळी ताडून पाहिला नाही.

खरी फसवणूक मात्र किमतीत नव्हती. चौदाही नावे एकाच खात्यात असली की रिन्यू करायला सोपे जाते, असे सांगून त्याने आमच्या मूळ डोमेनचा ऑथ कोड मागितला. हा कोड म्हणजे डोमेन एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याची परवानगी असते. पुतण्याने तो काढून दिला आणि आलेल्या ईमेलवर संमतीही दिली. आठवडाभरात नाव त्यांच्या खात्यात गेले. त्या खात्याचा ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांचा आणि नोंदणीधारक म्हणूनही त्यांचीच कंपनी. जमिनीच्या भाषेत सांगायचे तर आम्ही शेत कसत राहिलो आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढला. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही कळत नाही, कारण 2018 पासून बहुतेक डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत मालकाचे नाव झाकलेले असते. तिथे फक्त रजिस्ट्रार आणि तारखा दिसतात. त्यांनी दिलेल्या बिलावरही 'डोमेन सेवा' एवढेच लिहिले होते. कोणती नावे, कोणाच्या नावावर, याचा एक शब्दही नव्हता.

तेरा नव्या वेबसाइटवर त्यांनी आमचाच मजकूर उचलून लावला. पुण्याच्या पानावर पुणे आणि हैदराबादच्या पानावर हैदराबाद, एवढाच फरक. वर्षभरात मागणी वाढली नाही, उलट मूळ वेबसाइटही गूगलच्या शोधात खाली गेली. नाव शोधशब्दांसारखे असले की शोधात वर येता येते, हा समज जुना आहे. निकृष्ट दर्जाच्या अशा वेबसाइटना मिळणारा फायदा गूगलने 2012 मध्येच कमी केला होता. एकाच ठिकाणी नेण्यासाठी निरनिराळ्या नावांनी जवळजवळ सारखी पाने उभी करणे तर त्यांच्या नियमांप्रमाणे गैर आहे. तोच मजकूर अनेक ठिकाणी दिसला की गूगल त्यांतले एक पान निवडते, आणि ते पान आपलेच असेल याची खात्री नसते.

ऑगस्ट 2023 मध्ये बेंगळुरूहून एका बाईंचा फोन आला. त्या फार संतापलेल्या होत्या. आमच्या वेबसाइटवरून घेतलेली चप्पल पंधरा दिवसांत उकलली आणि तळ चामड्याचा नसून रेक्झिनचा निघाला, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या वहीत त्यांच्या नावाची ऑर्डरच नव्हती. त्यांनी पाठवलेल्या फोटोत वेबसाइट आमची दिसत होती, फोटो आमच्या कारागिरांच्या हातचे होते, पण फोन नंबर वेगळाच होता. मग आम्ही चौदाही वेबसाइट उघडून पाहिल्या. चार ठिकाणी आमचा नंबर काढून दुसरा नंबर घातलेला होता. आमच्या पैशाने घेतलेल्या नावांवर येणारे ग्राहक भलत्याच व्यापाऱ्याकडे वळवले जात होते. पैसे गेल्याचे मला जेवढे वाईट वाटले नाही, तेवढे त्या बाईंच्या फोनचे वाटले. आमच्याकडे एक जोड पुरा व्हायला कारागिराचे कित्येक दिवस जातात, आणि त्या बाई आम्हाला कायम रेक्झिन विकणारे म्हणूनच ओळखणार.

मार्केटिंग कंपनीला जाब विचारल्यावर त्यांनी ती 'तांत्रिक चूक' असल्याचे सांगितले आणि सोबत दुसऱ्या वर्षाचे बिल पाठवले. आता प्रत्येक नावाचे 6,000 रुपये. सप्टेंबरमध्ये आम्ही नकार दिला. ऑक्टोबरच्या मध्यावर मूळ वेबसाइट बंद पडली. दुकानाचे ईमेलही त्याच नावावर असल्याने तेही थांबले. त्या वर्षी 12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते, म्हणजे दिवाळीची परगावची मागणी नोंदवण्याचे दिवस तेच होते. खोक्यांवर छापलेला पत्ता उघडला की कोरे पान येत होते.

तक्रार करायला गेल्यावर आम्हाला सांगण्यात आले की कोड तुम्ही स्वतःहून दिला आहे, त्यामुळे हा व्यवहारातील वाद दिसतो. .कॉम नावासाठी आंतरराष्ट्रीय वादनिवारणाची सोय आहे, परंतु जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर प्रकरण नेण्याचे शुल्कच 1,500 डॉलर, म्हणजे त्या वेळचे सव्वा लाख रुपये होते, आणि निकालाला काही महिने लागू शकतात. शिवाय त्या नावावरचा आपला ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. आम्ही दुकानाचे नाव ट्रेडमार्क म्हणून कधी नोंदवलेच नव्हते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांतील उत्पादनासाठी आहे, एखाद्या दुकानाच्या नावाचे रक्षण त्याने होत नाही. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 मधील सत्यम इन्फोवे प्रकरणाच्या निकालाचा आधार घेऊन नोटीस दिली. डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते, असे त्या निकालात म्हटले आहे. नोटिशीनंतर ते बोलायला तयार झाले आणि 40,000 रुपये घेऊन मूळ नाव परत केले. दिवाळी तोवर उलटून गेली होती. पहिल्या वर्षीचे 1,17,500 धरून एकूण 1,57,500 रुपये गेले, वकिलांची फी वेगळी.

एकाहून अधिक नावे घेणे मुळात चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. स्पेलिंग चुकवणाऱ्या ग्राहकासाठी एखाददुसरे नाव आणि .इन घेऊन ठेवावे, पण त्यावर वेगळी वेबसाइट मुळीच उभी करू नये. ते नाव 301 प्रकाराने कायमचे मूळ पत्त्याकडे वळवावे, आणि हे काम बहुतेक रजिस्ट्रारच्या खात्यातूनच करता येते. आता आमच्याकडे तीन नावे आहेत. ती मी स्वतः उघडलेल्या खात्यात, माझ्या नावावर आहेत आणि बिलेही माझ्याच नावाची आहेत. खात्याला जोडलेला ईमेल मुद्दाम दुकानाच्या डोमेनचा ठेवलेला नाही, कारण डोमेन बंद पडले तर ते परत मिळवण्याचा ईमेलही बंद पडतो. वेबसाइट करणाऱ्या मुलीला फक्त होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइटची पाने जिथे ठेवलेली असतात त्या जागेचा, पासवर्ड दिला आहे आणि त्यावर तिचे काम नीट चालते. दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क अर्जही भरला आहे.

उरलेली बहुतेक नावे त्या कंपनीने सोडून दिली, पण बेंगळुरूचे नाव अजून त्यांच्याकडे आहे आणि त्यावर आजही आमच्या दुकानातील फोटो दिसतात. .कॉम नावाची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार ते 45 दिवसांपर्यंत ठेवू शकतो, पुढे 30 दिवस जुन्या धारकाला ते सोडवून घेता येते आणि आणखी 5 दिवसांनी ते सर्वांना खुले होते. पुतण्या दर ऑगस्टमध्ये ती तारीख पाहतो. आतापर्यंत प्रत्येक वेळी त्यांनी ते रिन्यू केले आहे.