अंग बाहेर येणं, सिलिकॉनची रिंग आणि 10 महिने

आधी निकाल सांगते, मग रामायण. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं अंग बाहेर यायला लागलं, म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय जागेवरून खाली, योनीकडे सरकायला लागलं. ऑपरेशन न करता गेले 10 महिने मी सिलिकॉनची रिंग पेसरी, म्हणजे योनीत बसवून खाली आलेल्या भागाला आधार देणारी कडी, वापरते आहे, जोडीला फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम. रिंगने दुखणं बरं झालेलं नाही. ती काढून ठेवली तर संध्याकाळपर्यंत खाली जडपणा येतोच. पण ती आत असते तेव्हा मला काही झालंय हे दिवसभर आठवत नाही. चष्म्याने कुठे नंबर जातो? दिसतं मात्र नीट.

मुलगा 3 किलो 900 ग्रॅमचा, शेवटी चिमटा लावून काढला. सव्वा महिना माहेरी, सदाशिव पेठेत. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वर पोट करकचून बांधलेलं. सगळं यथासांग. सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी अंघोळ करताना हाताला लिंबाएवढं मऊ काहीतरी लागलं. सकाळी पाहिलं तर काही नाही. संध्याकाळी पुन्हा हजर. बसलं की बॉलवर बसल्यासारखं वाटायचं. लघवीला जाऊन उठलं की परत दोन मिनिटांनी बसायचं, कारण पूर्ण होतच नव्हती. मालिशवाल्या मावशींना भीत भीत सांगितलं. त्या तेल लावता लावताच म्हणाल्या, "अंग उतरलंय तुझं. माझ्या जावेचं पण उतरलं होतं." नाव त्यांच्याकडून कळलं, डॉक्टरांकडून नाही.

पहिल्या डॉक्टरांनी सकाळी 10 वाजता टेबलावर आडवं झोपवून पाहिलं आणि "दोन बाळंतपणांनंतर एवढं व्हायचंच" म्हणून कॅल्शियम लिहून दिलं. आडवं झालं की सगळं आपोआप जागेवर जातं, त्यात सकाळची वेळ. दिसणार काय? म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे मी मुद्दाम संध्याकाळी 7 ची वेळ घेतली. त्यांनी खोकायला लावलं, कुंथायला लावलं, उभं करूनही पाहिलं. त्यांनी सांगितलं, मूत्राशय योनीच्या पुढच्या भिंतीतून खाली आलंय, गर्भाशयही थोडं सरकलंय. याच्या 0 ते 4 अशा पायऱ्या असतात, माझी दुसरी. म्हणजे सर्वांत खाली आलेला भाग योनीच्या तोंडाशी, फार तर 1 सेंटिमीटर आत किंवा बाहेर.

आईचं मत तयारच होतं. "दोन मुलं झाली ना? पिशवी काढून टाक, सुटशील." हा सल्ला आपल्याकडे भाजी निवडता निवडता दिला जातो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं, तरी घराघरातली ही सवय गेलेली नाही. डॉक्टरांनी आईलाच समोर बसवून सांगितलं, "आजी, पिशवीचा यात दोष नाही. तिला वर धरणारे बंध आणि खालचे स्नायू ताणले गेलेत. पिशवी काढली आणि ते तसेच राहिले, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो." आई गप्प बसली. पटलं की नाही, ते अजून कळलेलं नाही.

ऑपरेशनचेही प्रकार त्यांनी समजावले. आपलेच स्नायू आणि आवरण शिवून भिंत पुन्हा घट्ट करायची. किंवा गर्भाशय ठेवून त्याला पट्टीने वर बांधून घ्यायचं. तरुण बायकांसाठी अशी ऑपरेशनं बसवण्यात मुंबईच्या शिरोडकर आणि पुरंदरे या डॉक्टरांची नावं आजही घेतली जातात, हे ऐकून उगाच छाती फुगली. योनीमार्गातून घालायची कृत्रिम जाळी मी आधीच मनातून बाद केली होती. या दुखण्यासाठी तिची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2019 मध्ये थांबवायला लावली. शिवाय शिवलेलं काही वर्षांनी पुन्हा सैल पडू शकतं, आणि मी 33 ची, अंगावर पाजणारी. डॉक्टर म्हणाल्या, निदान वर्षभर शरीराला सावरू द्या, तोवर व्यायाम आणि रिंग.

आता रिंगबद्दल. पूर्वीच्या पीव्हीसीच्या रिंगा कडक असतात. गरम पाण्यात मऊ करून डॉक्टरच घालतात, काही महिन्यांनी बदलतातही तेच. माझी सिलिकॉनची, मध्ये भोकं असलेला पडदा, स्वतः काढता-घालता येणारी. मला अडीच हजारांच्या आसपास पडली. माप घ्यायला अर्धा तास गेला. घातल्यावर डॉक्टरांनी दवाखान्यातच चालायला, उकिडवं बसायला, खोकायला लावलं आणि लघवी झाल्याशिवाय घरी सोडलं नाही. तुमच्याकडे हे कोणी करून घेत नसेल तर स्वतःहून मागा. पहिली 70 मिलिमीटरची चौथ्या दिवशी संडासात कुंथताना निसटली. ती धुऊन परत घेऊन गेले, तर त्या हसून म्हणाल्या, "पहिल्याच मापात बसली असती तर मलाच नवल वाटलं असतं." 76 ची बसली ती बसलीच.

घालणं सोपं आहे, पण हे दहाव्या वेळेनंतर म्हणता येतं. करंजीसारखी दुमडायची, पुढच्या टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावायची, एक पाय बादलीवर ठेवायचा आणि मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने सरकवायची. आत गेली की ती आपण उघडते. काढताना बोट कडेत अडकवून ओढायची. पहिल्या दिवशी पाऊण तास घाम गाळून मी बाथरूममध्ये रडले होते. आता दोन मिनिटं लागतात. आठवड्यातून एक रात्र काढते, साध्या साबणाने धुते, एका स्टीलच्या डबीत ठेवते. त्या डबीत पूर्वी जायफळ असायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "जायफळ कुठे गेलं गं?" सांगितलं. त्यांनी नवी डबी आणून दिली आणि विषय संपवला.

फरक कुठे जाणवला? सिंहगड रोडच्या स्पीडब्रेकरवर. आधी प्रत्येक उंचवट्याला स्कूटर थांबवावीशी वाटायची. रिंग घातल्यावर दुसऱ्या आठवड्यात स्वारगेटपर्यंत गेले आणि परत आल्यावर लक्षात आलं की वाटेत एकदाही तो विचार आला नाही. लघवी एका बैठकीत होऊ लागली.

पण एक गंमत झाली, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. रिंग बसल्यावर शिंकलं की थेंब थेंब गळायला लागलं. आधी असं कधीच नव्हतं! मला वाटलं रिंगने बिघडवलं. फिजिओथेरपिस्टने उलगडा केला: मूत्राशय लोंबत होतं तेव्हा लघवीच्या नळीला घडी पडलेली होती, बागेच्या पाइपला पीळ पडावा तशी. रिंगने ते उचललं, नळी सरळ झाली आणि झाकलेला कमकुवतपणा उघडा पडला. उपाय तोच, व्यायाम.

व्यायामाबद्दल माझा अहंकार मोठा होता. दोन महिने मी मोबाइलवर बघून केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळून वर ओढायचा व्यायाम, करत होते. फिजिओथेरपिस्टने हातमोजा घालून आतून तपासलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही वर ओढत नाही आहात, खाली ढकलताय." म्हणजे दोन महिने मी रोज तीन वेळा दुखणं वाढवायचाच व्यायाम करत होते. तिने सांगितलेली खूण अगदी गावठी आणि अचूक होती: चारचौघांत वारा धरून ठेवायचा असतो तेव्हा जे करता, ते करा आणि वर उचला. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. लघवी मध्येच तोडून सराव करायचा नाही. मला तीन सेकंदसुद्धा धरवत नव्हतं. चौथ्या महिन्यात दहापर्यंत पोचले. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतही पहिल्या-दुसऱ्या पायरीसाठी कुणाच्या देखरेखीखाली किमान 16 आठवडे व्यायाम असंच सांगितलंय. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. शिंक यायच्या आत, मुलाला उचलायच्या आत आवळायचं आणि उचलताना श्वास सोडायचा, ही सवय लागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दुसरं म्हणजे बद्धकोष्ठ. हे कुणी गांभीर्याने घेत नाही. रोज सकाळी कुंथणं म्हणजे रात्रभर शिवलेलं रोज उसवणं. रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी, कमोडवर बसताना पायाखाली लाकडी पाट. पाटाने जे काम केलं ते अडीच हजारांच्या रिंगने केलं नसतं.

तक्रारीही आहेत. पांढरा स्राव वाढला, रोज पॅड लागतो. मासिक पाळीचा कप मला सोडावा लागला, रिंगेबरोबर तो बसेना आणि ओढताना खाली ताण येतो. नवऱ्याबरोबरच्या जवळिकीच्या वेळी मी काढून ठेवते, ठेवली तरी चालते म्हणतात. पाचव्या महिन्यात थोडं रक्त दिसलं. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्याने योनी कोरडी पडते, त्यात रिंग घासून बारीक जखम झाली होती. डॉक्टरांनी दोन आठवडे रिंग बंद केली, आत लावायला इस्ट्रोजेनची क्रीम दिली. ते दोन आठवडे माझी चिडचिड इतकी की घरच्यांनीच दिवस मोजले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी दाखवून येते. रिंग घालून वर्षभर विसरून जायची वस्तू नाही ही. वास येऊ लागला, रक्त दिसलं किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी जायचं.

मधे नणंदेच्या आग्रहाने पर्वती चढले. रिंग जागेवर राहिली, उतरताना गुडघेच कुरकुरले. 11 किलोच्या मुलाला मात्र पायऱ्यांवर उचललं नाही, तो त्याच्या बाबाच्या खांद्यावर होता. सिलेंडर सरकवणं आणि भरल्या बादल्या नवऱ्याच्या खात्यात कायमच्या गेल्या आहेत.

मागच्या तपासणीत मूत्राशय थोडं वर दिसलं, गर्भाशय तिथेच. डॉक्टरांनी रिंग उजेडात धरून पाहिली, कडेला पिवळटपणा आलाय पण अजून चालेल म्हणाल्या. मुलाचं पाजणं सुटलं की एक महिना रिंगशिवाय राहून बघायचं ठरलंय. सध्या तो सोडायला तयार नाही.