कोचीची ज्यू गल्ली की मुंबईचा सॅम्युएल स्ट्रीट?

गोव्यात राहून ज्यूंच्या इतिहासाविषयी कुतूहल वाटू लागले, तरी येथे पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. पणजीच्या नगरपालिका उद्यानाला ज्याचे नाव दिले आहे, तो वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने, जाळले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. ज्या वर्षी तो गेला, त्याच वर्षी कोचीच्या राजाच्या आश्रयाने, त्याच्या राजवाड्याच्या शेजारी, ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे राहिले. येथे जे पुसले गेले ते पाहण्यासाठी आपल्याला बाहेरच जावे लागते. मडगावहून दक्षिणेला कोचीसाठी एर्नाकुलम आणि उत्तरेला मुंबई, दोन्हीकडे रेल्वेची एक रात्र पुरते. वाटाड्याबरोबरच्या पायी फेऱ्या मी दोन्ही ठिकाणी केल्या आहेत. ज्यांना सवड आणि खर्च पाहता एकच निवडायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

डोळ्यांचे समाधान हवे असेल, तर कोचीच्या मट्टनचेरी भागाला, जेथे हे सिनेगॉग आहे, तोड नाही. अठराव्या शतकात इझेकिएल रहाबी या व्यापाऱ्याने चीनहून आणवलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, काचेची झुंबरे, वेगवेगळ्या लिपींतील अंकांचा घड्याळी मनोरा, लगतचा राजवाडा आणि त्याच्या भिंतींवरील रामायणाची चित्रे हे सारे काही पावलांच्या अंतरात आहे. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना किंवा लहान मुलांना बरोबर न्यायचे असेल, तर मी निःशंकपणे कोचीच सुचवीन. १६६२ मध्ये पोर्तुगिजांनी या सिनेगॉगची नासधूस केली आणि डचांचा अंमल आल्यावर ते पुन्हा बांधले गेले, हा भाग गोव्याच्या माणसाला विशेष जवळचा वाटतो. पोर्तुगीज सत्तेची ती बाजू आपण आपल्या इतिहासातून ओळखतो.

मुंबईत असे एकसंध दृश्य मिळत नाही. काळा घोड्याजवळचे १८८४ चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, त्याच परिसरातील डेव्हिड ससून वाचनालय, भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि मांडवीला सॅम्युएल स्ट्रीटवरचे शार हरहमीम सिनेगॉग ही स्थळे एकमेकांपासून दूर आहेत. त्यामुळे मधले अंतर लोकल किंवा टॅक्सीने काटावे लागते. मस्जिद स्थानकाकडून सॅम्युएल स्ट्रीटकडे जाताना घाऊक बाजाराच्या गर्दीतून, हातगाड्या चुकवत चालावे लागते आणि वाटाड्याचे निम्मे बोलणे गोंगाटात विरते. शिवाय नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरील २००८ च्या हल्ल्यानंतर ज्यू स्थळांवर बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ ठेवावे लागते आणि आतील छायाचित्रांसाठी आधी विचारावे लागते. हे सारे मला त्रासाचे वाटले, परंतु त्याचे कारण समजत असल्याने त्याचा राग आला नाही.

राग आला तो कोचीत. मट्टनचेरीच्या ज्यू गल्लीत आज जुन्या वस्तूंची, मसाल्यांची आणि शोभेच्या कापडांची दुकाने दुतर्फा आहेत, आणि माझ्या फेरीचा वाटाडा आम्हाला त्यांतील एकेका दुकानात नेऊन उभा करीत होता. इतिहास सांगताना तो घाईत असे आणि दुकानात शिरल्यावर त्याला सवड मिळे. ए. बी. सालेम यांची हकीकत मी त्याला मुद्दाम विचारली. मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना परदेशी सिनेगॉगमध्ये बरोबरीचे स्थान नव्हते, त्यांना आत बाकांवर बसता येत नसे. त्याच समाजात जन्मलेल्या सालेम या वकिलाने गांधीजींच्या मार्गाने, सत्याग्रह करून त्या भेदाशी झुंज दिली. त्या गल्लीत ऐकण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही असे मला वाटते, आणि ती मला दोन वाक्यांत, पुढच्या दुकानाच्या पायरीवर, ऐकावी लागली. सगळेच वाटाडे असे असतील असे मी म्हणत नाही. चांगला वाटाडा लाभला तर तुमचा अनुभव वेगळाही असू शकेल. तथापि ज्या गल्लीतील बहुतेक घरे १९४८ नंतर इस्राएलला निघून गेली, तेथे उरलेला वेळही विक्रीत जावा, हे माझ्या मनाला लागले आणि माझा कौल तेथेच फिरला.

मुंबईच्या फेरीत काही विकत घेण्याचा प्रसंगच येत नाही. तेथे ऐकायला मिळतात ती आपल्याच किनाऱ्याची माणसे. अलिबागजवळच्या नवगावला फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात स्त्रिया आणि सात पुरुष हे आपले पूर्वज, असे बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज परंपरेने मानतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. शार हरहमीम १७९६ साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी स्थापन केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील हा अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आला होता, आणि रस्त्याला नाव आहे ते त्याचेच. या समाजाच्या कबरींवर हिब्रूच्या शेजारी मराठी कोरलेली असते, आणि वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करतात. त्याचे वर्णन ऐकताना मला आपल्या दिवाळीतले गूळ-खोबरे घातलेले पोहे आठवल्यावाचून राहिले नाहीत.

येथे एक सावधगिरी मात्र घ्यावी. मुंबईतील पुष्कळ फेऱ्या काळा घोड्यापाशीच आटोपतात. तेथील सिनेगॉग आणि वाचनालय ससून घराण्याच्या, म्हणजे बगदादहून आलेल्या ज्यूंच्या, वैभवाची साक्ष देतात. ते वैभव पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. पण मराठी बोलणाऱ्या ज्यूंची गोष्ट तेथे जेमतेम येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मांडवीचे सिनेगॉग फेरीत आहे का आणि आत प्रवेशाची परवानगी घेतली आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. नसेल तर दुसरा वाटाडा पाहावा.

कोचीच निवडणार असाल, तर शनिवार टाळा, शुक्रवारी दुपारनंतरही सिनेगॉग बंद असते, आणि दुकाने नकोत हे आगाऊ सांगून ठेवा. मला विचाराल तर कोकणकन्या एक्सप्रेसने शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी मुंबईत उतरावे. बाजार त्या दिवशी थोडा मोकळा असतो आणि वाटाड्याचे बोलणे नीट ऐकू येते.