अजिंठा की बऱ्हाणपूर? जळगावहून गाडी काढण्याआधी

दिवाळीनंतरचे दोन दिवस, जळगावात मुक्काम, आणि गाडीत आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे. अशा वेळी घरात हमखास दोन तट पडतात.

अजिंठ्याची बाजू मांडायला कष्ट नाहीत. जेमतेम साठ किलोमीटर. सकाळी निघून रात्री जेवायला घरी. १९८३ पासून जागतिक वारसा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं ते चित्र, ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनी आधी तिकडेच जावं, त्यावर माझा वाद नाही. पण हे पाहणं चालण्याचं आहे. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवायची, तिथून बसने वर, मग पायऱ्या आणि वाघूरच्या काठाने कड्याच्या कुशीतली लांब वाट. डोली मिळते, मात्र आजी तिच्यात बसायला राजी होईल का, ते घरी आधीच विचारा. चित्रं मंद उजेडात पाहावी लागतात. पोरं चौथ्या लेण्यातच कंटाळतात. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची भव्य निजलेली मूर्ती २६ क्रमांकात, म्हणजे पार पलीकडे, आणि दमलेली कुटुंबं नेमकी तिच्या अलीकडूनच परत फिरतात. सोमवारी लेणी बंद.

बऱ्हाणपूर साधारण शंभर किलोमीटर, मुक्काम धरूनच जायचं. मध्य प्रदेशात गेलं म्हणून आपल्याला ते परकं वाटतं, पण फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी हीच. इथे चालणं तुकड्यातुकड्यांत होतं. जाताना मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ लागतं, केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना धाडलेल्या कोऱ्या पत्राची गोष्ट आजी तिथेच सांगेल, गाइड नको. बऱ्हाणपुरात शाही किल्ल्याच्या हमामातलं रंगीत नक्षीकाम पाहा. मुमताज १६३१ मध्ये याच शहरात वारली आणि आधी इथेच पुरली गेली, ताजमहाल नंतरचा. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. गल्ल्या अरुंद, तेव्हा गाडी लांब लावून रिक्षा करा.

पोरांसाठी खरी मजा कुंडी भंडाऱ्यात. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर, शहरापर्यंत आणायची ही मुघलकालीन सोय. वर शंभरावर कुंड्यांची, म्हणजे बोगद्यात उतरणाऱ्या विहिरींसारख्या तोंडांची, रांग. लिफ्ट चालू असली तर खाली उतरता येतं, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. दुसऱ्या दिवशी असीरगड. लांबलेल्या वेढ्यानंतर १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडलेला हा गड. अश्वत्थामा अजून इथल्या महादेवाला येतो म्हणतात. संध्याकाळी पोरांना सांगू नका, झोपणार नाहीत.

उणं काय? पाट्या तुटपुंज्या, देखभाल कुठे बरी, कुठे रामभरोसे. अजिंठ्यातली शिस्त इथे शोधू नका. तरीही तीन पिढ्या एका गाडीत असतील तर माझं मत बऱ्हाणपूरला. फक्त मोठी माणसं असतील, किंवा हाताशी एकच दिवस असेल, तर अजिंठा.

पाटणादेवीचं देऊळ आणि पितळखोऱ्याची लेणी, यांचं नाव चाळीसगावकर घेतीलच. जागा सुरेख, पण पितळखोऱ्याच्या पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांसाठी नाहीत.

बऱ्हाणपूरहून परतताना रावेर-सावदा-फैजपूरचा रस्ता धरा. दुतर्फा केळी, आणि १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, ते याच फैजपूरचं. थंडी सुरू झालेली असेल तर बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खाऊनच पुढे निघा. मावा जिलबी आदल्या दिवशी बऱ्हाणपुरात झालेली असेलच.