ओव्हनवर कोड आला की लगेच ‘बोर्ड गेलाय’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

बिल्ट-इन ओव्हनच्या डिस्प्लेवर एखादं अक्षर आणि आकडा लुकलुकायला लागला, वर बीप-बीप चालू झालं, की घरातलं प्रत्येक जण घाबरतं. या घाबरण्यावर काही जणांचं पोट चालतं. माझे साडेअकरा हजार रुपये असेच गेले. ते गेले कसे, हे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मॉड्युलर किचनवाले फ्लॅट भरपूर आहेत आणि हा धंदा करणारेही भरपूर असणार.

दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे नानकटाईच्या आणि बेक केलेल्या करंज्यांच्या ऑर्डरी असतात. ऐन त्या दिवसांत ओव्हनने कोड दाखवला. आत दिवा लागत होता, पंखा फिरत होता, तापत मात्र नव्हता. एमसीबी बंद करून थोड्या वेळाने परत लावला, तरी तोच कोड. कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर ठाणे’ असं सर्चमध्ये टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. पहिल्याच रिंगला उचलला. (कंपनीचा खरा कस्टमर केअर पहिल्या रिंगला उचलतो का कधी?) पलीकडच्या बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या: कोड कोणता आणि एरिया कोणता. मॉडेल नंबर नाही, सिरियल नंबर नाही, खरेदीची तारीख नाही. उलट फोनवरच सांगून मोकळ्या झाल्या, “मॅडम, ये कोड है तो पीसीबी का ही इशू रहता है.” (पीसीबी म्हणजे ओव्हन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड.)

दुसऱ्या दिवशी माणूस आला. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात उलटं लटकणारं आयकार्ड. बोलायला अतिशय नम्र, चप्पल बाहेर काढून आला. खिशातला टेस्टर सॉकेटला लावून बघितला, दिवा लागला, “सप्लाय बराबर है.” दाराच्या चौकटीतले बाजूचे स्क्रू काढून ओव्हन कॅबिनेटमधून अर्धा बाहेर ओढला, वरचा पत्रा काढला, बोर्ड बाहेर घेतला, नाकाला लावून वास घेतला आणि म्हणाला, जळलाय. नवीन बोर्ड इंपोर्टेड, अकरा हजार, व्हिजिटचे पाचशे वेगळे. निम्मे आत्ता द्या, बोर्ड ‘मॅच करायला’ घेऊन जातो. मुलाने तेवढ्यात मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढला होता, सहज, कसा असतो बघायला म्हणून. हा फोटो पुढे कामाला आला.

नंतर तो ‘नवा’ बोर्ड घेऊन आला, बसवला, ओव्हन तापला. उरलेले पैसे क्यूआर स्कॅन करून दिले. पैसे घेणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाही, कुणा व्यक्तीचं नाव आलं होतं. विचारलं तर म्हणाला, “हमारे सुपरवायझर का अकाउंट है.” बिल दिलं, त्यावर शिक्का, नव्वद दिवसांची वॉरंटी वगैरे सगळं लिहिलेलं. ऑर्डरी गेल्या. आणि दिवाळी संपते ना संपते तेवढ्यात परत तोच कोड. फोन लावला तर आधी ‘आज भेजते हैं’, मग ‘ये दूसरा फॉल्ट होगा’, मग फोनच उचलेनात.

यावेळी दार उघडून आतल्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं आणि वॉरंटीच्या पुस्तिकेतला नंबर लावला. त्यांनी सगळ्यात आधी सिरियल नंबर विचारला, मग बाकीचं. व्हिजिटला चार दिवस लागले, पण जो मुलगा आला त्याच्याकडे मल्टिमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) होता. पहिल्याकडे तो नव्हताच.

त्याने ओव्हन बाहेर काढून मागचा पत्रा उघडला आणि बोर्डाला हातही न लावता तापमानाचा सेन्सर शोधला. आतल्या पोकळीत मागच्या भिंतीला वर बोटाएवढी बारीक दांडी असते, तो सेन्सर. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) वाढतो आणि बोर्ड तो मोजून ओव्हन किती तापलाय ते ठरवतो. अनेक ओव्हनमध्ये हा सेन्सर पीटी 1000 जातीचा असतो. म्हणजे शून्य अंशाला बरोबर 1000 ओहम, आणि गार ओव्हनमध्ये आपल्याकडच्या हवेत साधारण 1,100 च्या आसपास. काही ओव्हनना पीटी 500 असतो, त्याचा आकडा याच्या निम्मा. मीटरवर 1,107 दिसलं. मग त्या मुलाने सेन्सरची वायर नुसती बोटाने हलवली, तर मीटरवर ‘ओएल’, म्हणजे सर्किट तुटलेलं. परत हलवली, परत 1,107. प्लगजवळ वायरचं आवरण उष्णतेने कडक होऊन तडकलं होतं आणि आतली पिन सैल झाली होती.

“काकू, बोर्ड बिचारा बरोबर सांगत होता,” तो म्हणाला. वायर तुटली की बोर्डाला तापमान कळत नाही, आणि तापमान कळत नसताना ओव्हन तापवत राहणं धोक्याचं, म्हणून तो हीटर बंद करतो आणि कोड दाखवतो. म्हणजे जो बोर्ड आपलं काम चोख करत होता, त्यालाच जळका ठरवून मला विकला गेला. मधले काही दिवस ओव्हन का चालला याचंही उत्तर मिळालं. ओव्हन आतबाहेर ओढताना वायर हलली, पिन तात्पुरती टेकली. पुढे रोजच्या तापण्या-गार होण्याने ती पुन्हा सुटली.

आणि तो इंपोर्टेड बोर्ड? माझ्या मुलाने आधी काढलेला फोटो आम्ही शेजारी धरला. ट्रान्सफॉर्मरच्या कडेला झुरळाच्या अंड्याचं तपकिरी कवच चिकटलेलं होतं, फोटोतही आणि समोरच्या बोर्डवरही, त्याच जागी. कोपऱ्यातला हिरव्या मार्करचा ठिपकाही तोच. फक्त तारखेचं स्टिकर ब्लेडने खरवडलेलं. माझाच बोर्ड मला अकरा हजारांना परत मिळाला होता, झुरळासकट. सेन्सर वायरसकट बदलला, मजुरी धरून सतराशे रुपये झाले. तेव्हापासून ओव्हन व्यवस्थित चालतो आहे.

बोर्ड कधी जातच नाही असं नाही. रिले (हीटर चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) चिकटतो, व्होल्टेज वर-खाली झालं की पॉवर सप्लायचा भाग उडतो. पण तिथपर्यंत पोचायला आधी सेन्सर आणि वायर मोजावी लागते. मीटर न काढता ज्याला निदान सुचतं त्याला दारातूनच परत पाठवा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. एकीकडे जो आकडा सेन्सरचा, तोच दुसरीकडे दाराच्या लॉकचा, तिसरीकडे जास्त तापल्याचा. त्यामुळे कंपनी आणि मॉडेल न विचारता जो फोनवर कोडचा अर्थ सांगतो तो थापा मारतोय.

काही वेळा तर बिघाडच नसतो. लाइट जाऊन आली की घड्याळ लुकलुकत राहतं, आणि कित्येक ओव्हन वेळ लावल्याशिवाय तापत नाहीत. किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागलेलं असतं. शोरूमसाठी डेमो मोडही असतो, त्यात दिवा, पंखा, आकडे सगळं चालतं, हीटर तेवढा लागत नाही. आमच्याच सोसायटीतल्या एका बाईंकडून डेमो मोड काढण्याचे ‘हीटर दुरुस्ती’ म्हणून साडेतीन हजार घेतले. पुस्तिका उघडली असती तर दोन बटणं दाबायचं काम होतं. हे सगळं बाहेरून बघा, पत्रा मात्र स्वतः उघडू नका. ओव्हन जास्त करंट घेतो आणि प्लग बहुधा कॅबिनेटच्या मागे अडकलेला असतो, म्हणजे सहज काढता येत नाही.

पैशांचं काय झालं, तेही सांगते. बिलावरचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा, वरकरणी ठीक. पण जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो आणि हा मोजला तर 14 भरला! पोर्टलवर टाकून बघायचीही गरज उरली नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण ती हेल्पलाइन तक्रार समोरच्या कंपनीकडे पाठवते, आणि इथे कंपनीच अस्तित्वात नव्हती. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण प्रतिवादीचा पत्ता द्यावा लागतो. बिलावरच्या पत्त्यावर ह्यांनी जाऊन पाहिलं, तिथे झेरॉक्सचं दुकान निघालं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, सोबत बोर्डाचे दोन्ही फोटो आणि यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर जोडला आहे. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला तासाभरात फोन करा, समोरच्या खात्यातले पैसे गोठण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत ते कळेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती.

बोर्ड बदलायची वेळ खरंच आलीच, तर जुना बोर्ड आपल्याकडेच ठेवून घ्या आणि नवा सीलबंद खोक्यात, पार्ट नंबरसह, तुमच्यासमोर उघडायला लावा. फोटो आधीच काढून ठेवा. मी तपासायला परवा तो सर्चमधला नंबर पुन्हा पाहिला. ओव्हनचं नाव गेलंय, आता त्याच नंबरवर वसई-विरार भागासाठी ‘वॉशिंग मशीन सर्व्हिस सेंटर’ लागलंय. त्या बाजूला ओळखीचं कुणी राहत असेल तर त्यांना नक्की सांगा.