पाहुण्यांची यादी मी स्वतःच त्याच्या हातात दिली

बहिणीच्या लग्नाला बाहेरगावचे ४२ पाहुणे दोन दिवस आधी येणार होते. त्यांना आसपासचं दाखवून आणायचं काम माझ्यावर आलं आणि मी ते हौसेनं अंगावर घेतलं. धावपळ इतकी होती की सगळं एकाच माणसावर सोपवून मोकळं व्हावंसं वाटलं. इंटरनेटवर एक सहलवाला सापडला. देखणी वेबसाइट, बसचे फोटो, ढीगभर कौतुक. फोनवर बोलणंही अगदी अदबशीर.

बस, वाटाड्या आणि वस्तुसंग्रहालयाची तिकिटं, असं सगळं मिळून ठरलं. अर्धी रक्कम मी आगाऊ भरली. मग तो म्हणाला, "तिकिटं नावावर निघतात, तेवढी यादी पाठवा." मी लग्नासाठी केलेली अख्खी यादी जशीच्या तशी पाठवली. नाव, मोबाइल नंबर, कोण कधी पोचणार, कुठल्या खोलीत उतरणार, सगळं तिच्यात होतं. माझे आगाऊचे पैसे गेले ते गेलेच, पण खरा घाव त्या यादीनं घातला.

त्यानं पाहुण्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. ग्रुपला फोटो आमच्या लग्नपत्रिकेचा, म्हणजे मीच हौसेनं पाठवलेला. मला मात्र त्यात घेतलं नाही. "दादा, तुम्ही लग्नघरचे, तुम्हाला कशाला शंभर मेसेजचा त्रास?" मला तेव्हा तो किती समजूतदार वाटला म्हणून सांगू!

सहलीच्या आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज पडला: 'दादांनी बस आणि तिकिटांचा खर्च माणशी वाटून घ्यायला सांगितलं आहे, कृपया आजच भरा.' १७ जणांनी भरले. एकानंही मला विचारलं नाही. मावशी नंतर म्हणाली, "अरे, लग्नघरात पैशाचं कसं विचारायचं? तुला वाईट वाटलं असतं." त्यानं नेमका हाच संकोच हेरला होता. पाहुणा यजमानाला पैशाबद्दल विचारत नाही आणि यजमान पाहुण्याला सांगत नाही. या दोघांच्या मधल्या गप्प जागेत तो बसला होता.

सकाळी बस आलीच नाही. फोन बंद. तरी माझी आशा सुटेना. तिकिटं तर आहेत म्हणून मिळतील त्या गाड्या करून सगळ्यांना वस्तुसंग्रहालयापाशी नेलं. मावशीच्या फोनवरचा क्यूआर कोड चालला, ती आत गेली. मागच्या काकांच्या तिकिटावर यंत्र लाल झालं. 'वापरून झालेलं तिकीट.' त्यांच्यामागच्यांचंही तेच. काका फोनची काच रुमालानं पुसून पुन्हापुन्हा समोर धरत होते, जणू डाग पुसला की कोड चालेल. एकच तिकीट काढून त्यावरची नावं बदलून सगळ्यांना वाटलं होतं. तिकिटं नावावर निघतच नाहीत, हे खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं. हा प्रश्न मी आठवडाभर आधी फोन करून विचारू शकलो असतो.

घरी येऊन तपासलं तर वेबसाइटचं नाव नोंदवून दीड महिनाही झाला नव्हता. ही तारीख कुणालाही फुकट पाहता येते. बसचा फोटो चित्रशोधात टाकला, तर तीच बस आणखी चार सहलवाल्यांकडे! कौतुकाचे अभिप्राय एकाच आठवड्यातले. बसचा नंबर आणि परवान्याचा फोटो आधी मागितला असता, तर तिथेच गाडं अडलं असतं.

ज्यांनी कार्डानं पैसे भरले होते, त्यांनी बँकेकडे हरकत नोंदवली आणि पुढे ते परत मिळाले. थेट खात्यात पाठवणाऱ्यांपैकी फक्त एका भाच्याचे वाचले, कारण त्यानं वस्तुसंग्रहालयाच्या दारातूनच बँकेला फोन लावला होता. बाकीच्यांनी "लग्न आटपू दे, मग बघू" म्हटलं. तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते. मी भरून देतो म्हटलं, तर कुणी घेईना. त्यानं आणखी लाज वाटली.

तुमच्याकडे लग्न असेल तर सहलवाल्याला फक्त डोकी मोजून सांगा, यादी देऊ नका. ग्रुप स्वतः करा आणि पाहुणे यायच्या आधीच त्यात लिहा: 'आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर आधी मला फोन करा, अपरात्रीसुद्धा.' लिहिताना जरा विचित्र वाटेल. वाटू द्या. तिकिटं त्या त्या ठिकाणच्या खिडकीवर किंवा त्यांच्या अधिकृत साइटवरच काढा. आणि खरं सांगू? त्या दुपारी शेजारच्या निवृत्त मास्तरांनी दहाबारा जणांना पायीच फिरवून आणलं. पाहुणे अजून आठवण काढतात ती त्याच फेरफटक्याची.

पोलिसांत तक्रार दिली आहे. यादी मात्र कुणाकुणाकडे पोचली, देव जाणे. मागच्या महिन्यात काकांना अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'दादांनी लग्नाचा अल्बम पाठवला आहे, फाइल उघडा.' काकांनी या वेळी उघडण्याआधी मला फोन केला. "तूच पाठवलास ना रे?"