'रेअर' शब्दावर पारखलेला कोश

मी विज्ञानविषयक मजकुराची मराठी भाषांतरं करते. कोश कसा आहे हे अवघड शब्दांवरून कळत नाही, सगळ्यांना येतोच असं वाटणाऱ्या शब्दावरून कळतं. मेरियम-वेबस्टरचा ऑनलाइन इंग्रजी कोश मला पटला तो 'रेअर' या शब्दामुळे.

तिथे 'रेअर' एक नाही, दोन आहेत. दुर्मीळ या अर्थाचा 'रेअर' लॅटिन 'रारुस'वरून आला. आतून लालसर ठेवलेल्या मांसाचा 'रेअर' वेगळ्याच घराण्यातला. जुन्या इंग्रजीत 'हलकं उकडलेलं' या अर्थाचा जो शब्द होता, त्याचं हे बदललेलं रूप. दोघांची नोंद वेगळी, व्युत्पत्तीही वेगळी. एका अ‍ॅपमध्ये मी हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत कोंबलेले पाहिलेत. मग वाचणारा नसलेला संबंध शोधत बसतो.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो मागे पडलेला अर्थ: पातळ, कण दूरदूर असलेला. उंच शिखरावरची हवा या अर्थाने 'रेअर'. आपला 'विरळ'ही तसाच चालतो. हवा विरळ, आणि असा माणूसही विरळाच. 'रेअर अर्थ' मूलद्रव्यांचं भाषांतर करताना हा अर्थ हाताशी हवा. नाव पडलं तेव्हा ती दुर्मीळ वाटली होती, पण त्यांतलं सिरियम भूकवचात शिशापेक्षाही जास्त आहे. अडचण निराळीच आहे: ती खडकांत विखुरलेली असतात, खणून काढणं परवडेल इतकी एका जागी क्वचितच सापडतात. 'विरल मृत्तिका' हा मराठी शब्द ज्यांनी योजला त्यांना माझा नमस्कार!

'स्केअर्स'शी गल्लत फार होते. धूमकेतू 'रेअर', पण पुरानंतर पिण्याचं पाणी 'स्केअर्स', म्हणजे टंचाई. टंचाईत कुणाची तरी गरज अडलेली असते, दुर्मीळ वस्तूवाचून कुणाचं अडेलच असं नाही. हा फरक समजायला दोन्ही शब्दांखालची उदाहरणवाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

व्याख्या आटोपशीर आहेत, नवशिक्याला जरा कोरड्या वाटतील. त्यांनी उदाहरणांपासून सुरुवात करावी. भाषांतर करणाऱ्यांनी मात्र पान खाली सरकवून व्युत्पत्ती वाचल्याशिवाय कोश बंद करू नये. माझ्याकडून पाचपैकी पाच.