आधी "काय ठेवायचं" विचारणारं आयब्रोचं पार्लर (डोंबिवली पूर्व)

आयब्रो करून आल्यावर "आयब्रो केल्यास का गं?" असं कोणी विचारू नये, फक्त "फ्रेश दिसतेयस" म्हणावं, एवढीच ज्यांची अपेक्षा असते त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत एका सोसायटीत तळमजल्यावर एक ताई घरातल्याच पुढच्या खोलीत पार्लर चालवतात. बोर्ड नाही, इन्स्टावर नाहीत, नाव आणि पत्ता नेटवर आलेला त्यांना चालत नाही म्हणून इथे टाकत नाहीये. पण त्या कसं काम करतात ते सविस्तर सांगते म्हणजे तुमच्याकडे पार्लर शोधताना काय बघायचं ते कळेल, कारण माझ्या मते आयब्रो हे काम दिसतं सोपं पण पार्लरमधलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. फेशियल थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, आयब्रो बिघडले की तीन-चार महिने तोंड घेऊन तेच फिरायचं.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. एका मॉलमधल्या मोठ्या सलूनमध्ये मी "फक्त खालून क्लीन करा, जाड ठेवा" असं स्पष्ट सांगून बसले होते, तिथल्या मुलीने "मॅम थोडा शेप देते ना, छान दिसेल" म्हणत वरूनही दोरा फिरवला, मग एक बाजू बारीक झाली म्हणून दुसरी बारीक केली, मग पुन्हा पहिली, आणि उठून आरशात बघितलं तर सुरुवातीचे केस दोन्हीकडचे गायब आणि मध्ये हे एवढं अंतर. भुवईचे केस डोक्यासारखे वर्षानुवर्षं वाढत नाहीत, त्यांची वाढ महिना-दोन महिनेच चालते आणि मग ते थांबतात, म्हणून तर ते आखूडच राहतात. आणि मुळापासून उपटलेला केस परत यायला आणि पूर्ण भरायला तीन-चार महिने सहज लागतात. तोवर पेन्सिल.

तर या ताई. पहिली गोष्ट म्हणजे बसल्याबसल्या दोरा हातात घेत नाहीत. समोर सरळ बसवतात, थोड्या गप्पा मारतात, आणि गप्पा मारताना बघत असतात की बोलताना तुमची कुठली भुवई वर जाते, कारण बऱ्याच जणींची एक जाते आणि ती आडवं झोपवून बघितली तर कळतच नाही. मग छोट्या ब्रशने केस वर विंचरतात, पेन्सिलने तीन बारीक खुणा करतात. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ वर गेलं की भुवईची सुरुवात, तिथूनच बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकं गेलं की जिथे सगळ्यात उंच हवी ती जागा, आणि तिथूनच डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून गेलं की शेपटी संपते ती जागा. हे माप प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात पण घाईत कोणी घेत नाही. आणि त्या माप घेऊन तिथेच थांबत नाहीत, माझे डोळे थोडे जवळजवळ आहेत तर सुरुवात माझ्याकडे किंचित बाहेर घेतात, माझ्या जाऊबाईंचा चेहरा लांबट आहे तर त्यांना उंच कमान देत नाहीत, जवळजवळ सरळ ठेवतात. शेपटीचं टोक सुरुवातीपेक्षा खाली उतरू द्यायचं नाही यावर मात्र त्या अडून असतात, म्हणतात तेवढ्याने चेहरा दमलेला दिसतो, आणि खरंच दिसतो.

मग विचारतात, "ताई, काय काय ठेवायचंय?" मला हा प्रश्न इतका आवडला. सगळीकडे विचारतात जाड की बारीक. इथे त्या बोट ठेवून दाखवतात, हा वरचा केस ठेवू, हा खालचा आहे पण काढला तर इथे खड्डा पडेल म्हणून ठेवू, हा मात्र एकटाच लांब गेलाय तो काढते. वरच्या लाइनला त्या जवळपास हातच लावत नाहीत, कपाळाकडची अगदी सुटी लव असेल तेवढीच. लांब केस उपटत नाहीत, वर विंचरून टोकं छोट्या कात्रीने कापतात, अगदी किंचित, पुन्हा विंचरून बघतात, पुन्हा कापतात. त्यामुळे भुवई भरलेली राहते आणि तरी नीट दिसते. मध्येमध्ये आरसा हातात देतात, तोही उठवून बसवून, कारण मान मागे टाकली की कातडी वर ओढली जाते आणि आडवं असताना सारखे वाटणारे आयब्रो बसल्यावर सारखे नसतात.

दोऱ्याचं सांगायलाच हवं. रिळातून प्रत्येकीसाठी समोरच नवीन दोरा तोडतात आणि टोक तोंडात धरत नाहीत, मानेमागून गाठ मारून घेतात. काहींना ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण थ्रेडिंगने केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येणं, चामखिळीचा संसर्ग एकीकडून दुसरीकडे जाणं हे होऊ शकतं, त्वचेच्या डॉक्टरांनी अशी प्रकरणं नोंदवली आहेत. हात धुऊन येतात, ते त्या सांगत नाहीत, दिसतं. काम झाल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून लावतात आणि साधं कोरफडीचं जेल. सुगंधी पावडरचा ढग उडवत नाहीत. त्या दिवशी भुवईवर मेकअप नको आणि घासू नको म्हणतात, एवढंच.

दुखतं का? दुखतं. डोळ्याच्या वरच्या पातळ कातडीवर दोरा चालतो, पाणी येणारच. पण "वरून एक हात, खालून एक हात, ताणून धरा" हे त्या नीट शिकवतात, आणि ताण बरोबर धरला की दुखणं निम्मं होतं आणि कट लागायची भीती जाते. कट लागतो तो बहुतेक वेळा कातडी ढिली सुटल्यामुळेच. शिंक आली तरी त्या आधी दोरा बाजूला करतात, शांतपणे थांबतात.

माझी भाची, अकरावीत आहे, तिला पहिल्यांदा घेऊन गेले होते. मधले केस काढायचे होते तिला, वर्गातल्या मुली काहीतरी बोलल्या असणार. ताईंनी आधी तिला विचारलं पिंपल्ससाठी काही क्रीम लावतेस का, ती म्हणाली हो डॉक्टरांनी रात्री लावायचं दिलंय, ॲडापॅलिन. तर त्यांनी त्या दिवशी केलंच नाही! म्हणाल्या या क्रीमने कातडी नाजूक होते, दोऱ्याने सोलवटेल, डॉक्टरांना विचारून थोडे दिवस तिथे लावायचं थांब आणि मग ये. समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं. पुढच्या वेळी केलं तेही फक्त मधलं आणि खालची चार-सहा लव. भाचीला म्हणाल्या तुझी ग्रोथ एवढी सुंदर आहे, शेप आत्ता नकोच, काजोलच्या किती दाट आणि मधून जुळलेल्या होत्या बघ, तिला कोण विसरलं. पोरगी घरी येईपर्यंत हसत होती.

आणि आईचं. आई साठीच्या पुढची, तिला पार्लर म्हणजे नको-नकोच, पण भावाच्या मुलाचं लग्न होतं म्हणून तयार झाली. तिच्या भुवया विरळ झाल्यात, बाहेरची बाजू तर जवळपास पुसलेली, आणि मध्ये पांढरे केस. मला वाटलं पांढरे काढतील. ताई म्हणाल्या, "काकू, पांढरा केस पण केसच आहे, तो काढला तर तिथे भोक दिसेल, त्याला आपण रंग देऊ की." आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "थायरॉइड बघितलंय का तुमचं?" बाहेरचा तिसरा हिस्सा असा कमी होणं थायरॉइड कमी असताना होऊ शकतं, वयानेही होतं, वर्षानुवर्षं बारीक आयब्रो केल्यानेही होतं, हे सगळं त्यांनी घाबरवून न टाकता सांगितलं आणि एकदा टेस्ट करून घ्या म्हणाल्या. आम्ही केली, गोळी सुरू आहे. आयब्रोसाठी गेलेल्या बाईला हे कोणी सांगतं का? माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो त्या दिवसापासून आहे.

रंग म्हणजे डाय नव्हे हं. ती डोक्याची मेंदी किंवा डाय भुवयांना लावायची पद्धत खूप घरांत आहे, पण डायच्या पाकिटावर स्पष्ट छापलेलं असतं की भुवया-पापण्यांना लावू नका, डोळ्यांना इजा होऊ शकते. ताईंनी आईला ब्राऊन पेन्सिल दिली, काळी नाही, काळ्याने चेहरा रागीट दिसतो, आणि केसाच्या दिशेने बारीक-बारीक रेघा मारायला शिकवलं, एक सलग पट्टा ओढायचा नाही, मग स्वच्छ ब्रशने विंचरून मिसळायचं. आईने लग्नात स्वतःचं स्वतः केलं. फोटोत ती आईच दिसतेय, फक्त डोळे उठून आलेत.

लॅमिनेशन (भुवईचे केस केमिकलने वर वळवून बसवणं) आणि मायक्रोब्लेडिंग त्या करत नाहीत. मायक्रोब्लेडिंगमध्ये कातडीत रंग भरतात, एक-दोन वर्षं राहतो, शेप चुकला तर तेवढे दिवस चुकलेलाच, त्यामुळे ते करायचंच असेल तर नीट शिकलेल्याकडे करा असं त्या म्हणतात. एरंडेल तेलाने भुवया येतात का असं मी विचारलं तर म्हणाल्या लावा, केस मऊ राहतात, पण मुळच मेलं असेल तर तेल काय करणार. खरं बोलतात हे बरं वाटतं.

रेट साधा आहे, आयब्रो ६० रुपये, अप्पर लिपचे वेगळे. मॉलवाल्यांनी याच्या चौपट घेतले होते. किती दिवसांनी यायचं तर दर पंधरवड्याला बोलवत नाहीत, पाच-सहा आठवडे जाऊ द्या, मधले एखाद-दोन केस दिसले तर दिसू द्या म्हणतात, घरी चिमट्याने आरशाला नाक लावून उपटत बसू नका.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वेळ फार लागतो, एकीला पंचवीस मिनिटं, आणि अपॉइंटमेंट हा प्रकार नाही, जी आली ती बसली. ऑफिसवरून लोकल पकडून साडेसातला उतरून जाणार असाल तर पुढे तीन जणी असतातच. गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा आणि लग्नसराईतले शनिवार तर जाऊच नका. गर्दी असली की त्यांची एक मदतनीस मुलगी बसते, चांगली आहे पण अजून शिकतेय, हात जरा पुढे जातो तिचा, तेव्हा "मी ताईंसाठी थांबते" असं सरळ सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि खोलीत उजेड कमी आहे, वरची ट्यूब एका बाजूने सावली पाडते, मी त्यांना दोनदा म्हटलंय एक चांगला दिवा घ्या. तोवर सकाळी अकराच्या सुमाराला जा आणि खिडकीजवळची खुर्ची मागून घ्या. सुट्टे असतील तर न्या, नेटवर्क तिथे येत नाही.